अक्कानं दाखवलेलं हैदराबाद

"पहिल्या दिवशी बिर्ला मंदिर, दुसऱ्या दिवशी गोवळकोंडा, तिसऱ्या दिवशी म्युझियम आणि तिथून चारमिनार," अक्का भाकरी थापता थापता म्हणाली. "पहिल्यांदा येणारं माणूस सगळं एका दमात बघायला जातं आणि मग त्याला कायच आठवत नाही. रोज एकच बाजू धरायची. निवांत बघायचं."

"आणि समुद्र?" मी विचारलं.

"हैदराबादेत कुठून आणू समुद्र तुझ्यासाठी? तळं आहे मोठं. मंदिरावरून दिसतंय ते."

मी तिच्या काचीगुड्यातल्या स्वयंपाकघरात पाटावर बसले होते. उदगीरहून दिवसभर एस.टी.त बसून कंबर धरली होती, तोंडावर धुळीचा थर होता, पण इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"मंदिरात साडी जरा वर धरून चाल," अक्का म्हणाली. "संगमरवर आहे, घसरतंय. गोवळकोंड्याला ऊन चढायच्या आत जायचं, आणि चढताना मध्ये बसायचं नाही. बसलं की पाय भरून येतात. म्युझियमला तुझी ती निळी साडी नेस."

"म्युझियमात माझी साडी कोण बघतंय?"

"फोटोवाले असतात तिथं," अक्का म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

मला तिचं कौतुक वाटलं. लग्न होऊन या शहरात येऊन तिला पाच-सहा वर्षं झाली होती, आणि आता ती शहर मुठीत असल्यासारखी बोलत होती. उदगीरच्या मोंढ्याच्या बाजारापलीकडे मी काही बघितलेलं नव्हतं. तिनं सांगितलेला शब्द न् शब्द मी मनात नीट लावून ठेवला.

खरं तर हे शहर बघणं म्हणजे पळवाट होती, आणि ती अक्कानंच मला काढून दिली होती. माय जाऊन दोन वर्षं झाली होती. आप्पांचं भांड्यांचं दुकान. मी बारावी पास झाले होते आणि मला नांदेडला नर्सिंगला जायचं होतं. आप्पांना ते पटत नव्हतं. परक्या माणसांची अंगं पुसायला का तुला एवढं शिकवलं, असं ते म्हणायचे. मी जेवण सोडलं, बोलणं सोडलं, तेव्हा कुठे त्यांनी तडजोड केली. "हा वैशाख जाऊ दे," ते म्हणाले. "वैशाखात सोयरीक जमली तर जमली. नाही जमली तर जा तुझ्या नांदेडला. मी आडवा येणार नाही." आप्पा शब्दाला पक्के होते. म्हणजे मला फक्त वैशाख काढायचा होता.

पण त्या वर्षी बघायला येणाऱ्यांची नुसती रीघ लागली होती. एकांनी मला ओल्या पायांनी दारापासून आडापर्यंत चालायला लावलं. एकांच्या काकांनी सुई ओवायला दिली आणि मी ओवत असताना माझ्या गळ्याकडे असं बघितलं, की ती सुई त्यांच्याच डोळ्यांत घालावीशी वाटली. पाडव्याला अक्का माहेरी आली होती. त्या दिवशी बघायला आलेले लोक गेल्यावर मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. मला पुन्हा कुणासमोर बसवू नका म्हणाले. अक्कानं मायच्या फोटोकडे बोट करून सांगितलं, "मायची आण. मी असताना तुला कुणासमोर बसू देणार नाही." आणि मग तिलाच सुचलं. "तू माझ्याकडं ये हैदराबादला. पोरगीच घरात नाही म्हटल्यावर बघणार कुणाला?"

आप्पांनी लगेच होकार दिला. तो इतक्या लगेच का दिला, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो तर दारात एक बाई उभ्या होत्या. ठेंगण्या, भरल्या अंगाच्या, कपाळावर विभूतीची ठसठशीत पट्टी, हातात वेताची पिशवी. "ह्या चंद्रकलामावशी," अक्का म्हणाली. "पलीकडच्या बोळात राहतात. आपल्यातल्याच, बीदरकडच्या. घरी बसून कंटाळतात म्हणून बरोबर घेतलंय."

"तुम्हा पोरींच्या मध्ये मी म्हातारी लुडबुड करायली," मावशी म्हणाल्या आणि हसल्या. त्यांचं हसू मला आवडलं. पुढचा एक दात किंचित तिरका होता.

बसमध्ये अक्कानं कंडक्टरला दोनदा विचारलं, बिर्ला मंदिर आलं का, बिर्ला मंदिर आलं का. मला जरा गंमत वाटली. पण शहरातल्या बसचं काय सांगावं, असं मी मनाशी म्हटलं.

मंदिराच्या पायथ्याशी नळ होता. तिथं पाय धुऊन वर जायचं. मी साडी वर धरून पांढऱ्याशुभ्र फरशीवरून चालू लागले. मावशी मागे राहिल्या. मी वळून बघितलं तर त्या फरशीवरच्या माझ्या ओल्या पावलांकडे बघत होत्या.

"पाऊल काय छान उमटतंय तुझं," त्या म्हणाल्या.

मी खूश झाले. त्याच पावलांवरून उदगीरला मी किती जळले होते, ते मला आठवलं नाही. परकी माणसं घरात येऊन बघतात ती गोष्ट वेगळी, आणि देवळात एखादी प्रेमळ बाई सहज म्हणते ती वेगळी.

वर वारा होता. खाली ते मोठं तळं पसरलेलं होतं आणि त्याच्या कडेनं मोटारी मुंग्यांसारख्या चालल्या होत्या. आम्ही पायऱ्यांवर बसलो. मावशींनी माझी वेणी हातात घेतली.

"कोण घालतं वेणी?"

"मीच."

"मागून वाकडी आलीय. बस अशी, पाठ कर इकडं."

त्यांनी वेणी सोडली. पिशवीतून फणी काढली आणि सावकाश केस विंचरायला लागल्या. त्यांची बोटं कानामागून, मानेवरून, डोक्यातून फिरत होती. माय गेल्यापासून माझ्या केसांना दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. मला एकदम भरून आलं आणि मी तिथं, त्या परक्या गर्दीत, मान खाली घालून रडायला लागले.

"आईची आठवण आली होय?" मावशी हळू म्हणाल्या. "काय झालं होतं गं त्यांना?"

"कावीळ झाली. उपचार उशिरा झाले."

"आणि घरात कुणाला आहे का काही तसलं?"

"नाही. कुणालाच नाही."

"बरं झालं," मावशी म्हणाल्या आणि वेणी घालायला लागल्या. मला वाटलं, या बाईला सगळं सांगावं. नांदेडचंही सांगावं. मायला वेळेवर कुणी नीट बघणारं असतं तर ती वाचली असती, म्हणून मला नर्स व्हायचंय, हे मी आजवर नीट कुणाला सांगितलं नव्हतं. अक्काला तेवढं सांगितलं होतं.

"मावशी, मला ना ह्या जूनमध्ये..."

"चला चला," अक्का उठलीच. "आरती सुरू होईल. मग गर्दीत काय दिसायचं नाही."

गोवळकोंड्याला जाताना मी मावशींच्या शेजारी बसले. एका दिवसात मी त्यांना मावशी म्हणायला लागले होते ते अगदी मनापासून. त्यांनी माझ्यासाठी पिशवीतून शेंगदाण्याची पोळी आणली होती.

"मला काय ते वर चढणं जमणार नाही," मावशी किल्ल्याच्या दारात म्हणाल्या. "तुम्ही दोघी जा. मी इथं खाली उभी राहून टाळ्या वाजवते. त्या वर पार शेंड्यावर ऐकू येतात म्हणे. शिवकांता, तू नीट कान देऊन ऐक आणि खाली आल्यावर मला सांग किती वाजवल्या ते."

आम्ही चढलो. मध्ये बसायचं नाही हे मी लक्षात ठेवलं होतं. अक्का मात्र दोनदा बसली. ऊन तापायला लागलं होतं, पायऱ्या उंच होत्या, आणि मी शेळीच्या पिलासारखी पुढे पळत होते. शेंड्यावर पोचले तेव्हा खालचं अख्खं शहर धुरकट उजेडात दिसत होतं. मी कान दिला. खालून स्पष्ट, जवळ कुणीतरी उभं असल्यासारखी टाळी आली. एक. मग थांबून लागोपाठ दोन.

"ऐकलंस, अक्का?"

अक्कानं काही ऐकलं नव्हतं. ती तटाला टेकून त्या शहराकडे बघत होती, अगदी तोंड उघडं टाकून.

"एवढं मोठं आहे होय हे," ती म्हणाली.

"तू आली नव्हतीस आधी?"

"आले होते की," ती पटकन म्हणाली. "घाईत आले होते तेव्हा. तुला किती ऐकू आल्या टाळ्या?"

खाली आल्यावर मी मावशींना टाळ्यांचा हिशेब दिला. त्यांनी माझ्या पाठीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. "दमली नाहीस गं तू अजिबात," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, आमच्याकडे आडाचं पाणी ओढून सवय आहे. त्या हसल्या आणि अक्काकडे बघून त्यांनी मान हलवली.

तिसऱ्या दिवशी मी निळी साडी नेसले. अक्कानं तिच्या कुंकवाच्या डबीतून माझ्या कपाळाला कुंकू लावलं, एक पाऊल मागे जाऊन बघितलं, पुन्हा पुढे येऊन खांद्यावरच्या निऱ्या सारख्या केल्या.

"चारमिनार मला बघायलाय की मी चारमिनारला?" मी म्हणाले.

ती हसली नाही. तिनं निऱ्यांना पिन लावली.

म्युझियम म्हणजे एका माणसानं आयुष्यभर गोळा केलेला पसारा आहे, असं मावशी म्हणाल्या. एवढा पसारा करायला घर किती मोठं लागत असेल, या विचारातच मी पहिली दोन दालनं काढली. एका चौकात मोठं घड्याळ होतं आणि ते वाजायची वेळ झाली म्हणून माणसं बाकांवर दाटीवाटीनं बसली होती. मीही वर तोंड करून बसले. घड्याळातून एक एवढासा दाढीवाला बाहेर आला, त्यानं घंटेवर ठोके दिले आणि आत गेला. मी लहान पोरासारखी हसले. भोवतीची सगळी माणसं घड्याळाकडे बघत होती. एक जण तेवढा माझ्याकडे बघत होता असं मला वाटलं. फिकट रंगाच्या सफारीतला, अंगानं मावशींसारखाच भरलेला. मी वळले तोवर तो दुसरीकडे बघायला लागला होता.

मग आम्ही त्या लाकडी पुतळ्यापाशी आलो. एकाच लाकडात दोन माणसं कोरलेली. पुढून बघावं तर छाती काढून उभा असलेला एक उर्मट पुरुष, आणि त्याच्या पाठीत, मान खाली घातलेली एक बाई. ती बाई दिसावी म्हणून मागे मोठा आरसा लावलेला आहे. तिच्याकडे नीट बघायला मी आरशात बघितलं.

आरशात मला आमच्या मागचं सगळं दिसलं. सफारीतला तो माणूस मावशींच्या बाजूला उभा होता. तो पुतळ्याकडे बघत नव्हता. मावशी त्याच्या कानाशी काहीतरी बोलल्या. अक्कानं मागून हळूच माझा पदर खांद्यावरून थोडा बाजूला केला, मान दिसावी म्हणून. पदर सारखा करतेय असं वाटावं, इतक्या हलक्या हातानं. त्या माणसानं मला मानेपासून टाचेपर्यंत बघितलं. मावशींनी भुवया उचलून विचारलं. त्यानं मान डोलावली. आणि अक्काचा चेहरा उजळला. तिच्या स्वतःच्या लग्नातसुद्धा मी तिला इतकी आनंदी बघितली नव्हती.

मी वळले नाही. मला वळता येईना. ओली पावलं, केस, मानेवरून फिरलेली बोटं, घरात कुणाला आहे का तसलं, टाळ्या, पाठीवर ठेवलेला हात, एकेक गोष्ट माझ्या समोर येऊन उभी राहिली. उदगीरला निदान मला ठाऊक असायचं की मला बघायलेत. मी दात आवळून बसायचे. इथं मी शेंगदाण्याची पोळी खाल्ली होती आणि मायच्या आठवणीनं त्या बाईच्या पुढ्यात बसून रडले होते. मला मावशींचा राग आला, पण तो वरवरचा होता. अक्काचा राग आला नाही. माझ्या आतून काहीतरी निसटून गेलं, त्याला राग म्हणत नाहीत.

मी वळले तेव्हा तो माणूस पुढच्या दालनात निघून गेला होता.

"शिवकांता," मावशी डोळ्यांवर हात धरून म्हणाल्या, "ती पलीकडच्या भिंतीवरची पाटी वाच गं जरा. मला दिसेना."

पाटी हिंदीत होती आणि अक्षरं वीत वीत मोठी होती.

"मलाही दिसत नाही," मी म्हणाले.

मावशी थबकल्या. "एवढी मोठी पाटी?"

"लांबचं दिसत नाही मला."

मी अक्काकडे बघितलं. सरळ तिच्या डोळ्यांत. मला तिच्याकडून फार काही नको होतं. तिनं कबूल करायला नको होतं, माफी मागायला नको होती. तिनं फक्त गप्प बसायचं होतं. ती गप्प बसली असती तर कमी दिसणारी पोरगी कुणाला हवी होती? मावशी घरी गेल्या असत्या, वैशाख गेला असता, आणि मी नांदेडला गेले असते. आणि मग आरशात दिसलेलं मी तिला कधीही बोलून दाखवलं नसतं. खरंच नसतं दाखवलं.

अक्का माझ्याकडे बघत राहिली. मग ती हसली.

"थट्टा करायली ओ ती, मावशी," ती म्हणाली. "तिची नजर लई बारीक. कंदिलाच्या उजेडात सुई ओवते. वाच गं, नीट वाच."

शेवटचं वाक्य ती मायच्या आवाजात म्हणाली. आणि मी वाचलं. का वाचलं ते मला आजही सांगता येत नाही.

"कृपया वस्तुओं को हाथ न लगाएँ."

"बघा," अक्का म्हणाली. मावशी हसल्या आणि त्यांनी माझ्या गालाला हात लावला.

चारमिनारपाशी आलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. मी मान वर करून बघितला असेल, पण मला तो आठवत नाही. त्याच्या शेजारच्या गल्लीत बांगड्यांची दुकानं आहेत, एकाला एक लागून. मावशींनी मला हाताला धरून एका दुकानात नेलं. लाखेच्या बांगड्यांचे ढीग चकाकत होते. म्हाताऱ्या दुकानदारानं माझी बोटं एकत्र दाबून हात लांबट केला आणि एक बांगडी चढवून बघितली.

"शादी का जोड़ा है क्या अम्मा?" त्यानं मावशींना विचारलं. "फिर माप बराबर लेना पड़ता."

"हां, शादी का," मावशी म्हणाल्या. "वैशाख के आखिर में."

मी हात ओढून घेतला. बांगडी मनगटावरून खरचटत निघाली आणि गादीवर पडली.

"मावशी, कुणाचं लग्न?"

"आता किती लाजशील गं," मावशी कौतुकानं म्हणाल्या.

"मी लाजत नाही. मला कुणी विचारलेलं नाही. मला नांदेडला नर्सिंगला जायचंय. वैशाखात सोयरीक झाली नाही तर आप्पा पाठवणार आहेत. अक्काला सगळं माहीत आहे. मला म्हणाली, कुणी बघायला येऊ नये म्हणून तू माझ्याकडं ये."

माझा आवाज चढला असावा. शेजारच्या दुकानातल्या बायका बघायला लागल्या. मावशींचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, ते काढायचं त्या विसरल्या होत्या. त्या अक्काकडे वळल्या.

"प्रयाग, ही काय बोलायली?"

अक्का बांगड्यांकडे बघत होती.

"तू म्हणालीस, पोरीला सगळं ठाऊक आहे. तिलाच हैदराबादेत यायचंय. फक्त पाटावर बसवलेलं आवडत नाही, म्हणून बाहेर बाहेर बघा आणि तिच्यापुढं विषय काढू नका. तू म्हणालीस ना?"

अक्कानं गादीवर पडलेली बांगडी उचलून ढिगात ठेवली.

"आम्ही काय चोर आहोत का गं?" मावशी म्हणाल्या. "माझ्या राजेश्वरला मी चोरून पोरगी बघायला लावली होय? तीन दिवस मी ह्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवायले, आणि तिला ठाऊकच नाही?"

त्यांनी वेताची पिशवी उचलली. माझ्यासमोर येऊन क्षणभर उभ्या राहिल्या. गर्दीतून त्या एकट्याच निघून गेल्या, आणि मला वाईट वाटलं. त्याही फसल्या होत्या. पण त्यांची बोटं माझ्या मानेवर होती ती कशासाठी होती, हे काही बदलत नव्हतं.

घरी आल्यावर अक्कानं चहा केला. दाजी गिरणीतून यायला अजून अवकाश होता. दोन कप आमच्या मध्ये निवत राहिले.

"माणसं चांगली आहेत," अक्का म्हणाली. "पोरगा निर्व्यसनी आहे. पलीकडच्याच बोळात घर. तुला नर्सिंग करायला लावून आपल्या माणसांत कोण उभं करतंय पुढं?"

"तू मायची आण घेतली होतीस."

"समोर बसवणार नाही म्हणाले होते," ती म्हणाली. "बसवलं का मी?"

हे ती आधीपासून मनात घोळवून आली होती. माझ्यासाठी तिनं उत्तरही तयार ठेवलं होतं.

मग ती रडायला लागली. "हे सकाळी जातात ते दिवस मावळल्यावर येतात," ती म्हणाली. "आले की जेवतात आणि झोपतात. शेजारणी तेलुगू बोलतात. तुला काय वाटलं, मी हे सगळं बघितलंय? बिर्ला मंदिर, गोवळकोंडा, सगळं मी तुझ्यासोबत बघितलं. चारमिनार आज पहिल्यांदा बघितला. कोण दाखवणार होतं मला? दुकानात, नळावर लोकांना विचारून विचारून तुला सांगायले मी."

"मग तसं म्हणायचं होतंस अक्का. मी येऊन राहिले असते चार दिवस. दर सुट्टीला आले असते."

"चार दिवस?" ती म्हणाली. "मला चार दिवसांचं माणूस नको होतं गं."

मला तिची दया आली. तेव्हाही आली आणि आजही येते. पण तिच्या एकटेपणावरचं औषध म्हणून तिनं माझं अख्खं आयुष्य परस्पर वाटून टाकलं होतं, आणि ती दया त्याच्या पलीकडे काही जाईना.

आमच्या माणसांत बातमीला एस.टी. लागत नाही. मी उदगीरला पोचायच्या आधी ती पोचली होती. आप्पांना अक्काचा बेत पहिल्यापासून ठाऊक होता. ते ओट्यावर बसूनच म्हणाले, "भर बाजारात माणसांचा अपमान करून आलीस. आता ह्या वैशाखात काय, कुठल्याच वैशाखात कुणी येणार नाही. जा तुझ्या नांदेडला." मला जे हवं होतं ते मला असं मिळालं, शिक्षा केल्यासारखं. मी गेले, शिकले, नोकरी केली आणि मानानं निवृत्त झाले. चुकलं असं मला एक दिवसही वाटलं नाही. अक्का आणि मी लग्नकार्यात भेटतो, गुडघेदुखीचं बोलतो, पोराबाळांचं विचारतो. तिच्याकडे राहायला मात्र मी कधी गेले नाही.

पण हे सगळं नंतरचं. हैदराबादहून मी निघाले त्या सकाळी अक्का मला सोडायला गौलीगुड्याच्या स्टँडवर आली होती. तिनं वाटेत खायला दशम्या बांधून दिल्या होत्या आणि मी त्या घेतल्या होत्या. मी खिडकीपाशी बसले. ती खाली, खिडकीच्या गजाला धरून उभी होती. ड्रायव्हर चढला, बस सुरू झाली.

मला एकच गोष्ट समजून घ्यायची होती. रात्रभर मी त्याचाच विचार केला होता. कदाचित तिला कळलंच नसेल. मी खरंच थट्टा करतेय असंच तिला वाटलं असेल. तसं असेल तर निदान तेवढं तरी मला तिच्या बाजूनं ठेवता येणार होतं.

"अक्का," मी म्हणाले, "म्युझियमात मला पाटी दिसत नाही म्हणाले, तेव्हा मी तुझ्याकडं बघितलं होतं."

"हो."

"तू गप्प बसावंस म्हणून बघितलं होतं."

बस हलली. अक्कानं गज सोडला नाही, बसबरोबर चार पावलं चालत आली.

"कळलं होतं मला," ती म्हणाली. "तेव्हाच कळलं होतं."